पॅलेसमागचा गुलमोहोर

मोटारीचा भोंगा वाजवला की वडीलधाऱ्यांचा मान राखला, असं बिसेन्तेला कुणी शिकवलं कोण जाणे. तान सेलेस्तिनानं तरी नव्हतं शिकवलं; ‘तान’ हा बेटावर म्हाताऱ्या बायकांच्या नावाआधी लावायचा मान. आई मेल्यावर ज्या मावशीनं त्याला आपल्या ताटातलं खाऊ घालून वाढवलं, तिच्याच अंगणावरून हा साठीचा बाप्या रोज गाडी न्यायचा, दोनदा भोंगा वाजवायचा, खिडकीतून बोटं हलवायचा आणि पसार व्हायचा. उतरायचं, वाकायचं, म्हातारीचा हात हातात घेऊन नाकाला लावायचा, तिच्या तोंडचं ‘देव भलं करो’ ऐकायचं आणि मग आपल्या वाटेनं जायचं, ही बेटावरची रीत. कुत्र्यामांजरांना ती लागू नाही. बाकी सगळ्यांना आहे.

“पाय दुखत असेल त्याचा,” रुफिना आतून म्हणाली. ती तान सेलेस्तिनाची लेक, पन्नाशी उलटलेली, आणि घरात शांतता राहावी म्हणून कुणाचीही बाजू घेणारी. “साखरेपायी अर्धं पाऊल कापलंय, आई. चढउतार होत नसेल.”

“ब्रेकवर तेच पाऊल पडतं ना? तिथं बरं पडतं.”

“कामाची घाई असेल.”

“कसली घाई? मोडक्या हॉटेलच्या फाटकावर टोपी घालून उभं राहायचं, ह्याला काम म्हणतात? फाटक तर चोरीला गेलंय. तो राखतोय काय, भोकं?”

तान सेलेस्तिनानं पानाला चुना लावला, सुपारीची फोड घातली आणि विडा गालात सारला. तिचे उरलेले दात वीटकरी लाल झाले होते आणि त्याचा तिला अभिमान होता. पांढरे दात, ती म्हणायची, पर्यटकांचे असतात.

एरवी बिसेन्ते आला काय नि न आला काय, तिनं त्याला चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण आता तिला त्याची गरज होती आणि गरज पडणं तिला मुळीच सोसत नसे. पॅलेस, म्हणजे तेच मोडकं हॉटेल, पाडायला नवीन कंपनी आली होती. पॅलेसमागच्या गुलमोहोराखाली तिच्या घराण्याच्या जुन्या माणसांची हाडं पुरलेली होती. नेमकी कुठं, ते फक्त बिसेन्तेला ठाऊक होतं, कारण पुरली त्यानंच. गुलमोहोर आता एवढा पसरला होता की त्याच्या सावलीत अख्खं लग्न जेवून उठलं असतं. यंत्रं तिथं पोचायच्या आत ती हाडं काढून कबरस्तानात आपल्या आईशेजारी ठेवायची आणि मग आपण मरायचं, एवढंच तिचं उरलं होतं. तिथंच तिची स्वतःची जागा होती, आणि तिच्या पायाशी बिसेन्तेची. त्याची बायको ग्वामला निघून गेली होती, पोरं अमेरिकेत कुठं होती ते त्यालाही धड सांगता येत नव्हतं. “घाबरू नकोस,” पाऊल कापलं त्या दिवशी इस्पितळात तिनं त्याला सांगितलं होतं, “माझ्या पायाशी पडशील. मेणबत्तीवाचून राहायचा नाहीस.” तेव्हा तो लहान पोरासारखा रडला होता.

ती जमीन तिच्या घराण्याची. जपान्यांनी तिथं ऊस लावला आणि ज्यांची जमीन त्यांनाच त्यात खुरपायला बसवलं. लढाईत ऊस जळाला. मग पुष्कळ वर्षं तिथं गुरं चरली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मग सूट घातलेली माणसं आली. बाहेरच्याला बेटावरची जमीन विकत घेता येत नाही, पण भाड्यानं घेता येते. जुगाराला परवानगी द्यावी की नाही यावर गावानं मतं टाकली. पाद्री तीन रविवार जुगाराविरुद्ध गरजला आणि हॉटेल उघडलं त्या दिवशी पहिलं ताट त्यानंच वाढून घेतलं. खेकडा आहे म्हणाला, वाया जाईल.

बांधकामाच्या वेळी पाया खणताना हाडं निघाली. वर जुन्या लोकांच्या घरांचे दगडी खांब पडलेले, आणि खाली ती माणसं, गुडघे दुमडून झोपलेली. दात सुपारीनं लाल. तान सेलेस्तिनानं ते दात पाहिले आणि काही विचारायची गरज राहिली नाही. आपलीच होती. कंपनी म्हणाली, हलवा. ती म्हणाली, हलवीन, पण माझ्याच जमिनीत, समुद्र दिसेल अशा जागी, आणि घरच्या माणसाच्या हातानं. बिसेन्ते तिथं मजुरीला होता. तिनं त्याच्याकडे आपल्या आईचं पितळी चुनाळं दिलं, जुन्या माणसांच्या उशाशी ठेव म्हणून. चुन्यावाचून पान कसं खातील? वादळ तोंडावर आलं होतं, आभाळ माशाच्या पोटासारखं झालं होतं. तो म्हणाला, तू नको येऊस मावशी, चिखल आहे, यंत्रं आहेत. संध्याकाळी तो चिखलानं माखून आला, तिचा हात नाकाला लावला आणि म्हणाला, “झालं. गुलमोहोराखाली आहेत.” वादळ ओसरल्यावर तिनं झाडाखाली पांढरा क्रूस रोवला.

हॉटेल झालं. दारात संगमरवरी सिंह, आत कारंजं, छतावर सोनेरी घुमट. पाटीवरचं नाव कुणाला धड म्हणता येईना, म्हणून गावानं त्याला पॅलेस म्हटलं. बिसेन्तेला खाकी कपडे आणि टोपी मिळाली. रुफिना पत्ते वाटायला लागली. आधी जपानी आले, ते हळू बोलायचे आणि हळू हरायचे. मग चिनी आले, ते ओरडून हरायचे. एकदा वरच्या मजल्यावरचा एक जण सगळं हरला आणि नवा सूट घालून पहाटे समुद्रात चालत गेला. त्याची खोली त्याच दुपारी दुसऱ्याला दिली, चादर तेवढी बदलली. गाव हसलं. निदान बूट तरी काढून ठेवायचे होते, एवढंच लोक बोलले.

शुक्रवार म्हाताऱ्यांचा. भात, कोंबडी, थंड हवा, आणि खेळायला थोडी नाणी फुकट. तान सेलेस्तिना आधी मागच्या गुलमोहोराकडे जायची, क्रूसापाशी मेणबत्ती लावायची, पानाचा तुकडा ठेवायची, “आजी, आजोबा, वाट द्या” म्हणायची आणि मग आत येऊन आपल्या ठरलेल्या मशीनवर बसायची. डावीकडचा शेवटचा कोपरा. तिथं दुसरं कुणी बसलं तर ती त्याच्या मागं इतकी जवळ उभी राहायची की ते माणूस हात काढून उठायचं. ते मशीन तिला द्यायचं. पुष्कळदा द्यायचं. बाकीच्या म्हाताऱ्या जळायच्या. ती म्हणायची, “माझी माणसं मागं झाडाखाली आहेत. तुमची कुठं आहेत?”

मग चिन्यांची विमानं थांबली. मालक बदलला, पाटी बदलली, सिंहांना रंग दिला. पुन्हा मालक बदलला. एके दिवशी वीज गेली ती आलीच नाही, आणि मॅनेजर सकाळच्या बोटीनं पळाला. परदेशातून आणलेली कामाची माणसं पगाराविना अडकून पडली आणि दारोदार नीरफणस मागत फिरली. तान सेलेस्तिनानं दिले. झाडावरचे नाही, डुकरांसाठी खाली पडलेले. “उचला,” ती म्हणाली, “डुकरं तक्रार करायची नाहीत.”

गावानं मग पॅलेस सोलला. चर्चमध्ये झुंबर आलं. शाळेत आरसे आले. तान सेलेस्तिनाच्या कोंबड्या लाल गालिच्यावर अंडी घालायला लागल्या. बिसेन्ते टोपी घालून उभा असायचा आणि लोक त्याच्यासमोरून संडासाची भांडी उचलून न्यायचे.

आता आलेल्या कंपनीचा मिस्टर हान हा कोवळा, गुळगुळीत माणूस होता. हाडांचं ऐकताच त्यानं छातीवर हात ठेवला, मान खाली घातली आणि ‘तुमच्या पूर्वजांचा आदर’ असं काहीतरी म्हणाला. नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावतात त्या सगळ्या मृतांच्या दिवसाआधी काढून घ्या, म्हणाला.

“ह्या पोराला रीत कळते,” तान सेलेस्तिना रुफिनाला म्हणाली. “आणि आपल्याकडचा भोंगा वाजवतो.”

शेवटी बिसेन्ते येत नाही म्हटल्यावर तीच गेली. काळा झगा, डोक्यावर जाळी, मांडीवर घडी केलेली पांढरी चादर. रुफिनानं गाडी थेट पॅलेसच्या मागं नेली. नेस्तर आधीच उभा होता. तो फिलिपिनो, पॅलेस बंद पडल्यावर अडकलेल्यांपैकी एक, पुढं इथंच राहिला आणि आता खोदयंत्र चालवायचा.

“या तान,” तो हसून म्हणाला. “तुमच्या डुकरांचा फणस खाऊन जगलेला माणूस आज तुमची सेवा करतोय.”

“चांगला लागलाय तुला. जाड झालास.”

बिसेन्ते झाडापासून लांब, काठीला टेकून उभा होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली. ती गाडीतून उतरली तसा तो नाइलाजानं पुढं आला, वाकला आणि तिचा हात घेतला. त्याची बोटं गार होती.

“ओळख आहे म्हणायची अजून,” ती म्हणाली. “मला वाटलं मी रस्त्यावरचा खांब झालेय. दाखव जागा.”

“मावशी, इतकी वर्षं झाली... क्रूसाच्या जवळपासच.”

“जवळपास म्हणजे? माणसं पुरलीस की बटाटे?”

त्यानं काठीनं एक जागा दाखवली. नेस्तरनं कुदळ घातली. वीतभर माती निघाली आणि कुदळ खणकन उसळली. खाली पांढरा खडक. बिसेन्तेनं दुसरी जागा दाखवली. तिथंही वीतभर माती, मग खडक. तिसरीकडेही तेच. मग नेस्तरनं यंत्र आणून झाडाभोवतीची माती सालीसारखी काढली. उघडा पडला तो एकसंध, गुळगुळीत, पांढरा खडक. त्यावर ना पहारीचा वण, ना टवका. गुलमोहोराची मुळंसुद्धा आत शिरायला जागा न मिळाल्यानं वरच्यावर पसरली होती.

तान सेलेस्तिना वाकली आणि खडकावरून हात फिरवला. बाजूला काढून ठेवलेल्या क्रूसाच्या पायाला मागच्या वर्षीच्या मेणबत्तीचं मेण अजून घट्ट धरून होतं.

“कुठं आहेत?”

“खेकड्यांनी नेली असतील,” बिसेन्ते म्हणाला. “नारळाचे खेकडे काहीही ओढून नेतात.”

“चुनाळंसुद्धा? पान खातात का आता खेकडे?”

नेस्तर हसला, मग रुफिनाचं तोंड पाहून कुदळीची माती झाडू लागला.

“वादळात वाहून गेली असतील, मावशी.”

“हा खडक कधी फुटलेलाच नाही. वाहून जायला आधी आत जावं लागतं. बिसेन्ते, मी तुला लहानपणी जेवायच्या आधी विचारायची, हात धुतलेस का. तू हात मागं लपवायचास. आत्ता काठी धरलेला हात पुढं आहे, दुसरा कुठाय?”

त्याचा दुसरा हात पाठीमागं होता.

तेवढ्यात मिस्टर हान आला, आदरानं पुन्हा वाकला आणि म्हणाला की झाडाखाली काही नसेल तर फार वाईट वाटतं, पण यंत्र आज आतल्या हॉलची फरशी फोडायला हवंय. नेस्तर यंत्र वळवून आत गेला. तान सेलेस्तिनाला कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली. तिनं ती उचलून हॉलच्या दारात नेली आणि तिथं बसली. का बसली ते तिलाही सांगता आलं नसतं. बिसेन्तेच्या मानेवरचा घाम तिनं पाहिला होता एवढंच.

हॉलला छप्पर उरलं नव्हतं. मशीनं गेली होती, फरशीवर त्यांच्या पायांची चौकोनी भोकं तेवढी राहिली होती. यंत्र उजवीकडून फोडत आलं. बिसेन्ते भिंतीला टेकून उभा होता. यंत्राचं टोक डावीकडच्या शेवटच्या कोपऱ्याकडे वळलं तसा तो लंगडत पुढं धावला.

“तिथं नको! पाइप आहे तिथं. मोठा पाइप आहे.”

“नकाशात नाही,” नेस्तर ओरडला.

“मी बांधलंय हे! मला ठाऊक आहे.”

तान सेलेस्तिनानं तो कोपरा पाहिला. तिचाच कोपरा. तिथंच ती बसायची, सपाता काढून पाय गार फरशीवर टेकवून.

“नेस्तर,” ती म्हणाली, “फोड.”

“मावशी, नको.”

“फोड म्हणते ना.”

फरशी फुटली. काँक्रीटचा मोठा तुकडा वर आला, त्याखाली काळी माती, आणि मातीत दुमडलेले गुडघे. नेस्तरनं यंत्र बंद केलं आणि क्रूसाची खूण केली. रुफिनानं तोंडावर हात ठेवला. एक कवटी कुशीवर वळलेली होती, दात सुपारीनं लाल. तिच्या गालाशी, काँक्रीटखाली चेपून चपटं झालेलं, हिरवं पडलेलं पितळी चुनाळं होतं.

तान सेलेस्तिना खुर्चीवरून उठली नाही. “आण ते,” ती रुफिनाला म्हणाली. चुनाळं हातात आलं तसं तिनं नखानं झाकण उचकटलं. आतला चुना दगड झाला होता.

बिसेन्ते बोलायला लागला आणि मग थांबेनाच. झाडाखाली खडक होता, मावशी. संध्याकाळपर्यंत पहार मारली, हाताची सालं निघाली. वादळ येत होतं, काँक्रीटची गाडी दारात उभी होती. मुकादम म्हणाला, आज ओतलं नाही तर शेजारच्या सायपान बेटावरच्या सरकारी हापिसाला हाडांचं कळेल, काम बंद पडेल, सगळे घरी जातील. “मी त्यांना होते तिथंच परत निजवलं. गुडघे होते तसेच. चुनाळं उशाशी ठेवलं, देवाशपथ. ती आपल्या जागेवरून हललीच नाहीत, मावशी. बाहेर झाडाखाली परक्यासारखी पडली असती. इथं ती घरात होती.”

“मग हे मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू ओतू दिलं असतंस?”

“नाही.”

“मग?”

“मग तुला टोपी मिळाली नसती.”

मिस्टर हान कुणाला तरी फोन करत बाहेर गेला.

“आणि मी त्यांच्या छातीवर बसून नाणी ओढत होते,” ती म्हणाली. “दर शुक्रवारी. गालात त्यांचंच पान. तू दाराशी उभा राहून बघायचास. एकदा तर मशीनमधून नाण्यांचा पाऊस पडला, तू टाळ्या वाजवल्यास. आठवतं?”

“तू खूश होतीस, मावशी. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटत असेल. तू जवळ होतीस.”

ते ऐकून रुफिना रडायला लागली. तान सेलेस्तिनानं तिच्याकडे चादर फेकली. “रडतेस काय, ही अंथर. एकेक हाड हातानं उचल, नेस्तर धरू लागेल. ह्याला हात लावू देऊ नकोस. दातसुद्धा राहता कामा नये.”

त्या दोघांनी उचललं. बिसेन्ते उभा राहून बघत होता. चादरीची चार टोकं बांधून झाली तसा तो काठी टाकून पुढं आला. तुटक्या काँक्रीटवर गुडघे टेकले. दीड पावलाच्या माणसाला ते सोपं नव्हतं, त्याला तोल सावरायला खुर्चीचा पाय धरावा लागला. टोपी काढली. डोक्यावर केस फारसे उरले नव्हते. त्यानं दोन्ही हात पुढं केले, मावशीचा हात घ्यायला.

तिनं हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिली.

“आई,” रुफिना म्हणाली, “पुरे गं. त्याला दुसरं कोण आहे?”

“तेच सांगतेय त्याला.”

“मावशी,” बिसेन्ते म्हणाला, “काय म्हणशील ते करीन. माझी जागा तेवढी...”

“तुझी जागा?” तान सेलेस्तिना त्याच्या तोंडाशी वाकली. आवाज तिनं चढवला नाही, जेवायला हाक मारताना असायचा तेवढाच ठेवला. “माझ्या पायाशी जागा नाही तुला. मेलास की तुला कुठं टाकायचं ते सरकार बघेल, मला सांगायला येऊ नये. पण मेणबत्तीचं मी बोलले होते, ते खोटं करायची नाही, मी तुझ्यासारखी नाही. दरवर्षी लावीन. मी मेले तर रुफिना लावेल. गुलमोहोराखाली लावू, त्या खडकावर. इतकी वर्षं ह्यांना पोचली ना? तशीच तुलाही पोचेल.”